दुसरी सही

"आई, तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"कुठे असणार? घरी. मटार सोलतेय."

"नक्की घरी ना?"

"अगं, हे काय विचारणं झालं? मटाराची टोपली मांडीवर घेऊन मी कुठे हिंडायला जाणार आहे? सकाळी गॅस बंद करून गेलीस ना, तेवढं आठवून सांग. मी दोनदा बघितलाय, पण तरी."

"हो हो, केलाय," म्हणत चावीताईने फोन ठेवला आणि पुन्हा कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. तिच्या सासूबाईंच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. हिरवा ठिपका म्हणजे माणूस या घडीला आत आहे, काम करतोय. वर तिसऱ्या मजल्यावर, नवजात बाळांच्या वॉर्डात, सासूबाई ड्युटीवर होत्या. त्यांना निवृत्त होऊन इतका काळ लोटला होता की निरोपाच्या दिवशी मिळालेलं भिंतीवरचं घड्याळही एव्हाना बंद पडून माळ्यावर गेलं होतं.

चावीताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत ती बसायची, आणि ज्याला कॉम्प्युटरमध्ये शिरायचं असेल त्याला तिच्याकडून चावी घ्यावी लागायची. पासवर्ड विसरला, चावीताई. पासवर्ड चुकत राहिला आणि दार बंद झालं, चावीताई. "नवा काय ठेवला होता ते आठवत नाही, पण आमच्या कुत्र्याचं नाव होतं त्यात," असं सांगत येणारे सर्जनही तिने पाहिले होते. मग कुत्र्यालाच विचारा की, असं अगदी ओठांवर यायचं. पण ती मुकाट्याने नवी चावी काढून द्यायची.

हॉस्पिटलात दारं काही थोडीथोडकी नव्हती. केसपेपरचं एक, तपासण्यांचं निराळं, औषधांचं तिसरंच, रक्तपेढीचं आणखी एक, रजेच्या अर्जांचं वेगळं, शिवाय मोठ्या वॉर्डांची आपापली. ज्याला ज्या वर्षी सुचलं त्याने त्या वर्षी ते विकत घेतलं होतं. एका घरात राहून एकमेकींशी न बोलणाऱ्या जावांसारखी ही सगळी सॉफ्टवेअरं नांदत होती. एकीकडे माणूस निवृत्त झाला तरी दुसरीला त्याची खबर नसायची. सिस्टर मंडळींच्या कीबोर्डखाली पासवर्डच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत, आणि सफाईवाल्यांनी कीबोर्ड पुसला की अर्धा वॉर्ड चावीताईच्या दारात.

यंदा हे सगळं एका दारावर आणायचं ठरलं होतं. मुख्य दाराशी एकदा आपली ओळख पटवायची. मग आत कुठेही जा, तिथे पुन्हा 'कोण?' म्हणून विचारणार नाहीत. मुख्य दाराच्या शब्दावर विश्वास ठेवतील. कोणाला काय करू द्यायचं ते ज्या त्या वॉर्डाने ठरवायचं, आलंय कोण एवढं दाराने सांगायचं. एक माणूस, एक नाव, एक पासवर्ड. चावीताई या कामाने अक्षरशः झपाटून गेली होती. नोकरीत आजवर तिने नुसती कुलपं उघडून दिली होती. हे पहिलंच काम असं होतं की जे झाल्यावर लोक तिला विसरतील, आणि त्यातच तिला समाधान वाटणार होतं.

अवघड होतं ते जुळवणं. एकाच माणसाची ठिकठिकाणची खाती शोधून एकत्र बांधायची. मशीन ते आपलं आपण करायला तयार होतं, पण मशीनवर तिचा तेवढा भरवसा नव्हता. सारख्या नावाच्या दोघींना त्याने एक करून टाकलं असतं तर कोणाची सही कोणाच्या माथी आली असती कोण जाणे. म्हणून तिने स्वतःपुरता नियमच केला होता. प्रत्येकाला समोर बसवायचं, त्याची सगळी खाती दाखवायची, 'हे तुमचंच ना?' असं विचारायचं, त्याच्या फोनवर आकडा पाठवायचा आणि मगच गाठ मारायची. ज्या खात्याला समोर बसायला माणूस नाही, ते बंद.

असं एकेक करत सगळे बसून गेले, आणि उरलेल्या गाळात आज सासूबाई निघाल्या. हिरव्या ठिपक्यासकट.

कोणीतरी पासवर्ड चोरलाय, हा पहिला विचार. दुसरा विचार यायच्या आत ती जिना चढायला लागली होती.

नवजात वॉर्डात शिरायचं म्हणजे कोपरापर्यंत हात धुवायचे आणि झगा चढवायचा. आत ऊब असते, आणि यंत्रांचे बारीक आवाज. काचेच्या पेट्यांमध्ये ओंजळीत मावतील एवढी माणसं झोपलेली. चावीताईला इथे आलं की आपोआप श्वास हळू घ्यावासा वाटे. वॉर्डात त्या वेळी एकच सिस्टर होती. अंगाने लहानखुरी आणि तोंडाने अखंड चालू, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. पण आज चिमणी गप्प होती. खिडकीकडच्या पेटीपाशी औषधांची ट्रॉली घेऊन ती उभी होती. तिने कागद वाचला, हिशेब केला, सुईत औषध भरलं, ट्रेमध्ये ठेवलं, कॉम्प्युटरवर स्वतःचं नाव घातलं. चावीताई हाक मारणार, तेवढ्यात चिमणी बेसिनकडे गेली.

तिने हात पुन्हा धुतले. अगदी सावकाश, बोटांच्या बेचक्यांतून. मग ती आधी उभी होती तिथे न जाता ट्रॉलीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली. आणि तिथून तिने ती सुई अशी उचलली, की जणू ती भरणारी कोणी दुसरीच होती.

"पट्टी?" चिमणी म्हणाली. आवाज तिचा नव्हता. जाड, संथ आणि जरासा संशयी. तिने वाकून बाळाच्या पायाची पट्टी वाचली. "वजन? आजचं. कालचं नको." मग कागदावर प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवत तिने हिशेब पहिल्यापासून मांडला. "उजेडात धर. अजून वर. हं." आणि आता तिने दुसरा पासवर्ड घातला.

चावीताईच्या अंगावर सर्रकन काटा आला. हा आवाज ती रोज ऐकत होती. गॅस? पुन्हा बघ. कडी? हात लावून बघ, नुसती पाहू नकोस. लग्न होऊन आल्या दिवसापासून या आवाजाने तिच्या नाकी नऊ आणले होते.

औषध दिलं गेलं तेव्हा तिने हाक मारली. "चिमणी."

चिमणी दचकली आणि तिचं तोंड उतरलं.

"दुसरी सही कोणाच्या नावाने केलीस?"

"ताई, मी सांगते ना." चिमणीचे शब्द आता धावत सुटले. "या औषधांना दोन सह्या लागतात. एकीने भरायचं, दुसरीने तपासायचं, त्याशिवाय कॉम्प्युटर पुढे सरकतच नाही. माझ्याबरोबरची गेलीय एका बाळाला घेऊन स्कॅनला. शेजारच्या वॉर्डातून कोणाला बोलवावं, तर तिचं आमच्याकडे खातंच नाही! येऊन ती बिचारी करणार काय, नुसती बघणार? आणि औषध लांबवून चालत नाही. मोठ्या सिस्टरांचं खातं मात्र चालतं. पहिल्यापासून चालतं."

"आणि पलीकडे जाणं? हात धुणं?"

"ते तसंच असतं." चिमणीला प्रश्नच कळला नाही. "मी नवीन आले ना, तेव्हा जुन्यांनी मला आधी तेच शिकवलं. एकटी असलीस तर नुसता पासवर्ड टाकायचा नाही. टाकलास आणि आम्हाला कळलं, तर याद राख. आधी हात धू. मग पलीकडे जा. पलीकडे गेलीस की तू तू नाहीस, त्या आहेस. सुई तू भरलेलीच नाहीस. कोण कुठली पोरगी भरून गेलीय, तिच्यावर काडीचा विश्वास ठेवायचा नाही."

"तू त्यांना पाहिलंयस कधी?"

"कुठलं! मी लागले तेव्हा त्या कधीच रिटायर झाल्या होत्या. फोटो होता म्हणतात भिंतीवर, तो रंगकामात गेला."

"चिमणी, ही चेष्टा वाटते का तुला? दोन सह्या म्हणजे दोन माणसं!"

"ठाऊक आहे हो ताई," चिमणी हळूच म्हणाली. "एकदा माझ्या हातून दहापट भरलं गेलं होतं. टिंब एक घर सरकलं. दमलेही नव्हते, घाईसुद्धा नव्हती. चुकलं, बस. मग पलीकडे गेले, सगळं पहिल्यापासून मांडलं, आणि सिस्टर नाही म्हणाल्या."

"कोण नाही म्हणालं?"

"मोठ्या सिस्टर," चिमणी म्हणाली. यात पुन्हा विचारण्यासारखं काय आहे, असा तिचा चेहरा होता.

चावीताईने तिथल्या तिथे तिला बजावलं की आता हे पुन्हा होता कामा नये, आणि इनचार्ज सिस्टरांशी बोलून दोन दिवस तरी दोघीजणी वॉर्डातच राहतील असं बघितलं. मग ती खाली आली, खोलीचं दार लावलं आणि सासूबाईंच्या खात्याच्या नोंदी उघडल्या. बाळांची नावं तिला दिसत नसत, ते बरोबरही होतं. पण पेटी कुठली आणि सही काय झाली, एवढं दिसे. मान्य. मान्य. मान्य. पडदा सरकत होता आणि सासूबाई मान्य करत होत्या. सणावाराला, रविवारी, स्वतः तापाने फणफणल्या होत्या त्या आठवड्यातसुद्धा. आणि मध्येच कुठेतरी: नामंजूर. त्याच्यापुढे तीच पेटी, मात्रा दुरुस्त, मग मान्य. पुन्हा कितीतरी खाली: नामंजूर. वजन कालचं घेतलं होतं. आणखी खाली, आणखी एक.

चावीताई ते बघत बसली. मोजावंसं तिला वाटलं नाही. प्रत्येक नामंजुरीमागे एक मूल होतं, आणि ती मुलं आता कुठेतरी चालत असतील, पडत असतील, आईला भंडावून सोडत असतील. त्यांना वाचवणारी बाई त्या वेळी घरी कपडे वाळत घालत होती, किंवा दुपारची आडवी झाली होती, किंवा सुनेशी दुधावरून वाद घालत होती. जिने कधी त्यांचं तोंडही पाहिलं नाही अशा पोरी तिचा आवाज एकीकडून दुसरीकडे देत आल्या होत्या, आणि तो आवाज अजून चुकीला अडवत होता. तिला एकदम देवळात आल्यासारखं वाटलं, आणि हात जोडावे की कपाळाला लावावेत हे मात्र कळेना.

कारण हे चूकच होतं. आज चिमणी पलीकडे जात होती; उद्या एखादी दमलेली पोर जाणार नाही, अलीकडूनच पासवर्ड टाकेल, आणि तो दिवस येणार याबद्दल तिला शंका नव्हती. हे सांगावंच लागणार. सांगितलं की चौकशी, आणि चौकशी झाली की चिमणी आणि तिच्यासारख्या पोरींच्या नोकऱ्या. शिवाय सासूबाईंचं नाव. त्यांच्या सगळ्या नोकरीत त्यांच्यावर एक शेरा नव्हता, आणि हे त्या पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, दूधवाल्यालाही सांगून चुकल्या होत्या.

संध्याकाळी सोललेले मटार पातेल्यात पडले होते आणि सासूबाई टरफलं निवडून त्यात एखादा दाणा राहिलाय का ते बघत होत्या. चावीताई समोर बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं.

सासूबाई आधी भडकल्या. "माझ्या नावाने? मी तिथे नसताना? कोण आहे ती कार्टी? अगं, दुसऱ्या तपासणीला दुसरं डोकं लागतं! एकाच डोक्याने दोनदा चूक केली की ती बरोबर दिसायला लागते. एवढंही शिकवलं नाही का कोणी?"

"पासवर्ड त्यांच्याकडे गेला कसा, आई?"

"निरोपाच्या दिवशी. खाली भाषणं चालली होती. एक पोरगी धावत आली, औषध अडलंय म्हणाली. मी वर जाईपर्यंत वेळ गेला असता. कानात सांगितला." त्यांनी हातातलं टरफल खाली ठेवलं. "नंतर बदला म्हणून सांगायचं राहिलं. हार घालत होते ना मला."

"त्या नुसता पासवर्ड टाकत नाहीत, आई." आणि चावीताईने बेसिन सांगितलं, पलीकडे जाणं सांगितलं, ती जाड आवाजातली 'पट्टी?' सांगितली. शेवटी नामंजुऱ्या सांगितल्या.

सासूबाईंचा चेहरा तिने इतका उघडा कधी पाहिला नव्हता. त्यांनी पदराने डोळे पुसले, आणि पुसताना आपल्याला कोणी पाहतंय याची त्यांना फिकीर नव्हती.

"मी आपली इथे बसून समजत होते," त्या म्हणाल्या, "की माझं सगळं संपलं."

"आई, मला वर सांगावं लागेल."

"सांगावं लागेलच. पण तू नाही. नाव माझं आहे, मी सांगते. उद्या येते तुझ्याबरोबर."

मोठे डॉक्टर म्हणजे हॉस्पिटलचे प्रमुख. पण शिकाऊ असताना सासूबाईंनी त्यांना वॉर्डाच्या दारातून हात धुवायला परत पाठवलं होतं, आणि ते ही गोष्ट विसरले नव्हते. त्या आत आल्या तशी ते खुर्चीतून उठले.

"बसा, बसा," सासूबाईच त्यांना म्हणाल्या. "तक्रार घेऊन आलेय. माझीच आहे."

त्यांनी सगळं सरळ सांगितलं, काहीही सावरून न घेता. मोठे डॉक्टर ऐकताना पांढरे पडत गेले. चावीताईने नोंदी समोर ठेवल्या तेव्हा ते नामंजूर या शब्दांवर बोट ठेवत एकेक ओळ वाचत गेले.

"हे ऐकून मला तुमच्या पाया पडावंसं वाटतंय, सिस्टर," ते अखेर म्हणाले, "आणि त्याच वेळी भीतीही वाटतेय. एखादीने कंटाळा केला असता तर?"

"तर बाळ गेलं असतं. म्हणून तर आले."

"मला काहीतरी लिहावं लागेल. त्या मुली..."

"मुलींना हात लावायचा नाही. त्यांच्याकडे हे माझ्यापासून आलंय. शिकवणाऱ्याला धरा."

"ती चिमणी तर तुमच्यानंतर लागली."

"तरी."

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला. "सिस्टर, तुमच्या फाइलवर एकही शेरा नाही."

"आता आहे," सासूबाई म्हणाल्या. "लिहा. माझ्यासमोर लिहा, म्हणजे मला वाचून बघता येईल."

त्यांनी लिहिलं. सासूबाईंनी ते दोनदा वाचलं, एका ठिकाणी तारीख राहिली होती ती दाखवली, आणि मग सही केली.

बाहेर पडताना मोठ्या डॉक्टरांनी चावीताईला मागे थांबवलं. "तुमचं ते एक दार कधी उघडतंय?"

"पुढच्या महिन्यात म्हटलं होतं. पण नवजात वॉर्ड आणि शेजारचा वॉर्ड, एवढं आज होईल." आदल्या रात्री जेवणाआधीच तिने मनाशी हे ठरवून टाकलं होतं. शेजारच्या वॉर्डातली सिस्टर स्वतःच्या नावाने इथे आली आणि दाराने तिला ओळखलं, तर मग दुसरं डोकं भिंतीपलीकडेच होतं. कोणाला कोणाचा आवाज काढायची गरज नव्हती.

दुपारपर्यंत दोन्ही वॉर्ड त्या दाराला जोडून झाले, आणि मग जिन्याखालच्या खोलीत सासूबाई तिच्यासमोर खुर्चीवर बसल्या. चावीताईने पडदा त्यांच्याकडे वळवला.

"हे तुमचंच ना?"

"माझंच."

"बंद करू?"

"थांब. शेवटची सही कुठली?"

"काल दुपारची. खिडकीकडची पेटी. मी स्वतः पाहिली होती होताना."

"मान्य?"

"मान्य."

"बरं." फोनवर आकडा आला. सासूबाईंनी तो चष्मा लावून स्वतःच घातला. हिरवा ठिपका काही आज नव्हताच. नाव तेवढं यादीतून गेलं आणि वरच्या-खालच्या ओळी एकमेकींना येऊन चिकटल्या.

"झालं?"

"झालं, आई."

"आवाजबिवाज काही होत नाही का?" सासूबाईंनी विचारलं. मग म्हणाल्या, "चल, मला वर बघू दे."

त्यांना आता आत जाता येणार नव्हतं. गळ्यात पाहुण्यांचा पास अडकवून त्या वॉर्डाच्या काचेबाहेर उभ्या राहिल्या. आत चिमणी औषध भरत होती. भरून झालं तसं, नवं दार तपासायचं ठरल्याप्रमाणे, तिने भिंतीवरची घंटा दाबली, आणि शेजारच्या वॉर्डातून एक उंच, घाईतली सिस्टर आली. तिने कॉम्प्युटरवर आपलं नाव घातलं. चावीताईने श्वास रोखून धरला. महिन्यामहिन्यांचं काम या एका क्षणावर होतं. दाराने उंच सिस्टरला पाहिलं, ओळखलं आणि आत घेतलं. जिथे तिला आजवर कोणी ओळखत नव्हतं तिथे तिच्या नावापुढे हिरवा ठिपका उमटला. कुठे काही अडलं नाही. दोन वॉर्डांमधली भिंतच नाहीशी झाली, आणि ते फक्त खाली बसणाऱ्या एका बाईला कळलं. चावीताईला हसू आणि रडू एकदमच आलं.

उंच सिस्टरने सुईला हात घातला, तेवढ्यात काचेवर टकटक झाली. सासूबाई बोटाच्या पेराने काच वाजवत होत्या. उंच सिस्टरने वळून पाहिलं; पास गळ्यात घातलेली कोण ही म्हातारी, असा भाव. सासूबाईंनी नुसते दोन्ही हात वर करून एकमेकांवर चोळून दाखवले. उंच सिस्टर ओशाळली आणि बेसिनकडे गेली.

चिमणीने मात्र ते हात पाहिले आणि ती जागच्या जागी ताठ उभी राहिली. तिला कोणी सांगावं लागलं नाही. काचेतून ती सासूबाईंकडे बघत राहिली.

"हीच का ती?" सासूबाईंनी विचारलं. "माझ्या आवाजात स्वतःलाच ओरडणारी?"

"हीच."

"बारीक आहे. नीट जेवते का विचार तिला." असं म्हणून त्या वळल्या. जिन्यावर त्यांनी चावीताईचा हात धरला; एरवी त्या कठड्याला धरत.

नंतरचे दिवस चावीताईला फुरसत अशी मिळालीच नाही. एकेक वॉर्ड दारावर येत होता. कीबोर्डखालच्या चिठ्ठ्या निघत होत्या. जिन्याखालच्या खोलीत यायची वर्दळ ओसरत चालली. घरी मात्र संध्याकाळी चप्पल काढायच्या आत प्रश्न यायचा.

"खिडकीकडचं कसं आहे?"

"आई, मला ते दिसत नाही. मी दार बसवलं म्हणून कुठल्याही खोलीत डोकावता येतं असं नाही. मला तो अधिकार नाही."

"बरोबर आहे. नसलाच पाहिजे," सासूबाई म्हणायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायच्या.

चिमणीलाही विचारायचं नाही, हे त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. आतली गोष्ट बाहेर सांगायला पोरीला भाग पाडायचं नाही. पण एके दिवशी कॅन्टीनमध्ये चहा घेताना चिमणीने आपणहून, कपाकडे बघत, कोणाचंही नाव न घेता म्हटलं, "उद्या सकाळी खिडकीकडे ऊन येईल हं, ताई. पेटी रिकामी होतेय."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना डोळे दाखवायची एकाएकी घाई झाली. डोळ्यांचा विभाग पहिल्या मजल्यावर होता. चावीताईने त्यांना तिथे बसवलं आणि थोड्या वेळाने पाहायला गेली तर खुर्ची रिकामी. कुठे शोधायचं ते तिला माहीत होतं. तिसऱ्या मजल्यावर, वॉर्डाच्या मोठ्या दाराबाहेरच्या बाकावर सासूबाई बसल्या होत्या, पर्स मांडीवर, पाय जुळवून, कोणाची तरी वाट बघणाऱ्या इतर बायांसारख्या. चावीताई कोपऱ्यावरच थांबली.

आतून एक बाई आली. दोन्ही हातांत दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, खांद्यावर पिशवी, मागे सामान सावरत नवरा. मोठं दार जड होतं, आणि तिला हात नव्हता.

"आजी, जरा दार धरता का?"

सासूबाई उठल्या आणि दोन्ही हातांनी दार धरलं. बाई बाहेर आली. क्षणभर ते बाळ त्यांच्या अगदी हाताशी होतं. त्यांनी हात लावला नाही, बाहेरून आले होते ते हात. नुसतं वाकून पाहिलं.

"केवढं गं," त्या म्हणाल्या.

"याहून केवढंसं होतं!" बाईला कोणाला तरी सांगायचंच होतं. "आम्ही आशा सोडली होती. खूप केलं हो इथल्या लोकांनी." मग तिच्या लक्षात आलं की म्हातारी एकटीच बसली होती. "आजी, तुमचं कोण आहे आत?"

"होतं एक," सासूबाई म्हणाल्या. "आज घरी चाललंय."

"अरे वा! मग बरंच झालं," म्हणत ती बाई हसली आणि लिफ्टकडे गेली. लिफ्ट यायला वेळ लागला, तोवर सासूबाईंनी दार तसंच धरून ठेवलं होतं.